चौकातला फ्लेक्स

"कैनातताई, फ्लेक्स लावलाय चौकात. तुमचा फोटू लई झ्याक आलाय, खाली तुमचा निबंध बी हाय!" सरपंच कानिफनाथभाऊंचा फोन आला.

आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो. पण यांनी माझा अख्खा शोधनिबंध छापला होता, सुप्याजवळच्या त्यांच्या गावातल्या विहिरींच्या पाण्यावरचा. पाणी गावाचं, पैसा सरकारचा, चपला झिजल्या माझ्या; आणि सगळे हक्क सही करून दिले जर्नलला. आता वाचायचा तर गावानेच पैसे भरायचे. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं! सरकारी पैशाचं संशोधन सगळ्यांना खुलं करणारा कायदा येईल तेव्हा येईल. मी निबंध वेबसाइटवर टाकला, तर जर्नलची नोटीस आली आणि माझे गाईड सर म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर पीएचडी विसर."

तेव्हापासून भीतीने मी गावात पाऊल टाकलं नव्हतं. भाऊंना गुपचूप पीडीएफ पाठवली, "कुणाला दाखवू नका" म्हणून, आणि माझं काम संपलं असं मानलं.

पर्समध्ये कात्री टाकून स्कूटीवर निघाले. कुणी फोटो काढायच्या आत फ्लेक्स उतरवायचा होता.

चौकात सगळे माझा फोटो बघत होते. खालचं इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, भाऊंनाही नाही. सुटले, असं वाटलं. लाज वाटली, पण सुटले.

दोरीला कात्री लावली, तेवढ्यात गोजरबाई आल्या. कडेवर तान्हा नातू, त्याच्या तोंडात दुधाची बाटली. नमुने घेताना त्यांनीच मला पोहरा ओढून दिला होता.

"बाई, यात आमची हीर कंची?"

"सात नंबर, मावशी."

"पानी चांगलं हाय न्हवं?"

सात नंबर सगळ्यात वाईट होती. तान्ह्या मुलांना ते पाणी पाजू नये, असं मीच लिहिलं होतं.

"मावशी, दुधाची पावडर कुठल्या पाण्यात कालवता?"

"हिरीच्याच की."

"ती बाटली काढा. ते पाणी बाळाला चालत नाही."

त्यांनी बाटली ओढून घेतली. पोर रडायला लागलं. "तुला कवापासनं ठावं हुतं गं?"

पर्समध्ये मोबाईल वाजत होता, सरांचाच असणार. गर्दीतल्या दोघांनी आपले मोबाईल माझ्यावर धरले. मी कात्री खाली ठेवली आणि फ्लेक्सवरचं सगळं एक नंबरच्या विहिरीपासून मराठीत वाचायला सुरुवात केली.