साखरेच्या डब्याचं लाल झाकण

शेवटी त्याला टॉवरमधल्या खुर्चीवरून उठवलं. पण हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण तसं काही घडलेलंच नाही. वरिष्ठांचंही हेच म्हणणं आहे.

तो हवाई वाहतूक नियंत्रक. धावपट्टीवर विमान उभं असलं की समोर लाल पाटी लावायची, म्हणजे दुसऱ्याला चुकून उतरायला सांगितलं जात नाही, अशी पद्धत. ती पाटी मोडून जमाना झाला होता. नवी येत होती, म्हणजे आली नव्हती. तोवर टेबलावर साखरेच्या डब्याचं लाल झाकण ठेवायचे. झाकण दिसलं की धावपट्टीवर कोणीतरी आहे. इतकं सोपं, की कोणाला भीतीही वाटेनाशी झाली होती.

त्या दुपारी एक विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर उभं होतं. झाकण जागेवर होतं. शेजारचा सहकारी ऐन तिशीत स्वेटर घालून फिरायचा, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत. चहा करताना त्याला साखरेत मुंग्या दिसल्या. आजोबा नीटनेटका माणूस. त्याने एकेक मुंगी निवडून काढली आणि डब्याला झाकण लावून टाकलं.

नियंत्रकाने टेबलाकडे पाहिलं. झाकण नाही. त्याने येणाऱ्या विमानाला उतरायची परवानगी दिली.

"टॉवर," वैमानिक अगदी शांतपणे म्हणाला, "खाली ती मंडळी आमच्या स्वागताला उभी आहेत का?"

आणि त्याने विमान वर खेचलं. चाकं खालच्या विमानावरून इतक्या जवळून गेली, की आतल्या प्रवाशांनी बसल्या जागी माना खाली घातल्या.

अशा घटनेनंतर नियंत्रकाला ताबडतोब उठवायचं आणि चौकशी झाली की परत बसवायचं, असा नियम. उठवलं. चौकशीला मात्र आधी घटना लागते. वरिष्ठ म्हणाले, टक्कर झाली असती तर ती घटना. न झालेल्या टकरींची चौकशी करत बसलो तर दुसरं काम कधी करायचं? मग त्याला तळमजल्यावर एक खोली दिली. तिथे काम नाही, खिडकी आहे.

घरी बायकोने विचारलं, चूक तुझी की आजोबाची? तो म्हणाला, झाकणाची. ती हसली नाही. त्यांची मुलगी होस्टेलवरून सुट्टीला येणार होती, आणि उतरणार होती ती ह्याच धावपट्टीवर.

"आता तुझ्या खुर्चीत कोण बसतं?"

"आजोबा."

"आणि चहा कोण करतं?"

"तोच."

"पाटी?"

"येतेय."

दुसऱ्या दिवशी तो घरून एक लाल ताटली घेऊन गेला. वरिष्ठांनी ती परत पाठवली. टेबलावर खाजगी वस्तू चालत नाही. झाकण चालतं, कारण ते सरकारी डब्याचं आहे. मग त्याने आजोबाला जिन्यात गाठून हात जोडले.

"लक्षात ठेवतो रे," आजोबा म्हणाला. "पण मुंगी दिसली की हात आपोआप जातो."

संध्याकाळी त्याने अर्ज लिहिला. सदर न घडलेल्या घटनेची चौकशी करून मला पूर्ववत खुर्चीवर घ्यावे. ते शक्य नसल्यास, निदान माझी मुलगी सुखरूप उतरेपर्यंत मुंग्यांनी साखरेपासून विहित अंतर राखावे, असे आदेश संबंधितांस देण्यात यावेत, ही नम्र विनंती.