ओपन काय धरू?

"रेवणप्पा, ओपन काय धरू?"

मल्लप्पाकाका अप्पांच्या तोंडाशी कान नेऊन बसले होते. उंबऱ्याबाहेर गल्लीतले आणखी दोघं-तिघं उभे होते, देवळात जावं तशा चपला काढून.

अप्पांचे ओठ हलले. "सात... आठ..."

"सात म्हनलं! पयला आकडा खरा," दारातून कोंडीबा म्हणाला.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आले. "काका, ते आकडा सांगत नाहीत. घड्या मोजताहेत."

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. मी शिकवत होते त्या जेऊरच्या शाळेला सुट्टी लागली म्हणून मी सोलापूरला घरी आले होते. त्याच्या महिनाभर आधी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. राहिले फक्त आकडे. सगळी उमर गिरणीच्या फोल्डिंग खात्यात गेलेली. यंत्रावर कापडाची घडीवर घडी पडे आणि अप्पा ती मोजत. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं तरी ते मोजणं तेवढं शिल्लक होतं. सुरुवातीला एक-दोनदा गिरणीतले लोक पाहायला आले, मग कुणी फिरकलं नाही. अशात एके दिवशी अप्पांच्या तोंडून निघालेला आकडा मल्लप्पाकाकांनी सहज मटक्यावर लावला आणि तो आला. तेव्हापासून आमच्या दारात ही रांग.

अप्पांनी स्वतः जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. ओपन-क्लोज म्हणजे काय, हे मात्र लहानपणी मला त्यांनीच सांगितलं होतं. ते सांगून या लोकांना लाज आणावी असं मला वाटलं.

"तुम्ही ज्याला ओपन म्हणता ना काका, तो कापसाचा भाव. न्यूयॉर्कच्या बाजारात सकाळी निघायचा तो ओपन, बाजार मिटताना असायचा तो क्लोज. तारेनं मुंबईला यायचा आणि त्यातल्या शेवटच्या आकड्यावर लोक पैसे लावायचे. पुढं ते बंद पडलं, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले, म्हणून मटका. आता तर कुठंतरी बसून पत्ते पिसतात. यात अप्पांना काय कळणार?"

मल्लप्पाकाका माझ्याकडे बघतच राहिले. मग दाराकडे वळले.

"ऐकलं का रं कोंडीबा? मटका मूळचा कापसाचा हाय! आन् रेवणप्पाचा जल्म कापसात गेला. त्याला न्हाय कळनार तर कुनाला कळंल?"

"लई शिकलेली हाय पोरगी," कोंडीबा मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रांग वाढली.

मी आईला, आमच्या अव्वाला, म्हटलं, "यांना घालवून दे."

"बसू दे की गं. त्येंच्याम्होरं तुजे अप्पा तोंड तरी उघडत्यात." ती अप्पांची दाढी पुसत होती. कुणी केळी आणे, कुणी लिंबू. ती सगळ्यांना चहा देई.

मला वाटे, घर जरा शांत झालं, तर या आकड्यांमागून कधीतरी माझं नाव येईल. दाक्षा. दोनच तर अक्षरं. लोक गेले की मी अप्पांच्या उशाशी बसत असे. "अप्पा, मी कोण?" ते माझ्याकडे बघत आणि मोजत.

मग आकडे चुकू लागले. एकदा, दोनदा, रोजच. कोंडीबानं बायकोची जोडवी घालवली. रांग ओसरली आणि एका सकाळी दारात कुणीच नव्हतं. मला हवं होतं तसं घर अगदी शांत झालं.

अप्पा दाराकडे बघत राहिले. दुपारपर्यंत त्यांनी एकही आकडा उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अव्वानं घास पुढे केला तर तोंड मिटून घेतलं. संध्याकाळी मी मल्लप्पाकाकांच्या घरी गेले.

"काका, आकडा विचारायला या ना."

ते खाली बघत म्हणाले, "बुडालो की पोरी मी. घरात भांडान झालं. सोडलं आता समदं."

"खेळू नका. नुसतं विचारा."

काका उठले. खुंटीवरची टोपी घातली आणि माझ्यामागून आले. अप्पांच्या बाजेशी बसले, तोंडाशी कान नेला.

"काय रेवणप्पा, ओपन काय धरू?"

अप्पांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. खूप वेळानं आवाज आला. "नऊ."

"नऊ. बरं, नऊच धरतो."

अव्वा चटकन आत गेली. चुलीशी तिचा पदर डोळ्यांना लागलेला मला दिसला.

मल्लप्पाकाका त्यानंतर रोज येत राहिले. विचारत, मान डोलावत, घरी जात. माझं नाव आलं नाही. मीही विचारायचं सोडलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी अप्पा गेले. आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यात हार घातला. फोल्डिंग खात्यातले आले, गल्ली आली, कोंडीबाही आला. सगळे अंतर ठेवून भिंतीकडेनं उभे राहिले. अप्पांच्या समोरची जागा रिकामीच होती.

मल्लप्पाकाका दारात अडखळले. अव्वानं मान वर केली.

"म्होरं बसा की," ती म्हणाली. "कुनी जवळ असलं की बरं वाटतंय त्येंना."

काका पुढे झाले आणि अप्पांच्या समोर मांडी घालून बसले.