मागच्या बाजूचा चेहरा

चंद्रपूरच्या ॲनिमे संमेलनात वेशभूषेचं पहिलं बक्षीस मूल तालुक्यातल्या रिनाला मिळालं. हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जावं. असं काही झालेलं नाही. झालं ते इतकंच, की रविवारी सकाळी सहा वाजता रिना उठली तेव्हा भिंतीवर खिळा होता आणि खिळ्यावरचा मुखवटा नव्हता.

आईही घरात नव्हती. टोपलंही नव्हतं. म्हणजे आई मोहफुलं वेचायला गेली होती. शेजारचे नानाजी अंगणात दातांना राखुंडी लावत बसले होते.

"तुही माय तोंड लावून गेली," ते म्हणाले. "तिचं वनखात्याचं तोंड काल बकरीनं खाल्लं ना."

"आन माहं काऊन नेलं?"

"तू झोपली होती. आन तुह्या तोंडाचे डोळे मोठे हाय. वाघाले दुरून दिसते, असं म्हणे ते."

वाघ मागून येतो, हे इकडं पोरांना शाळेआधी कळतं. म्हणून जंगलात वाकून काम करणारी माणसं डोक्याच्या मागच्या बाजूला वनखात्यानं वाटलेला एक चेहरा बांधतात. वाघाला वाटतं, हा आपल्याकडंच बघतोय. वाघाला खरंच तसं वाटतं का, हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

रिनाचा मुखवटा मात्र वाघासाठी नव्हता. दिवसभर सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून झाले की रात्री चपलांच्या दुकानातल्या उरलेल्या फोमचा एकेक तुकडा कापत तिनं तो आठ महिन्यांत केला होता. तिच्या आवडत्या जपानी कार्टून मालिकेतला पांढऱ्या केसांचा योद्धा. नाव इथं सांगता येत नाही. नाव सांगितलं की त्याचं शेवटी काय होतं हे कोणीतरी सांगतोच, आणि मग सांगणाऱ्याला ग्रुपमधून काढतात. तीनशे बारा भाग तिनं जपानी आवाजात, खालच्या इंग्रजी ओळी वाचत पाहिले होते. हिंदी डबिंग बघणाऱ्याशी ती आठवडाभर बोलत नसे. सख्खा मावसभाऊ बिरजू गेली दोन वर्षं त्याच आठवड्यात होता. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडं वाचून वाचून ती अर्जही शेवटच्या पानापासून भरायला लागली होती. चुका कमी झाल्या होत्या.

जानेवारीत तिनं मुखवट्याचा फोटो 'झाडीपट्टी ओटाकू मंडळ' या ॲनिमेवेड्यांच्या ग्रुपवर टाकला. सभासद दोनशे बारा. तेवढ्यांपैकी एकालाही तो तिनं केला असेल असं वाटलं नाही. "नेटवरून उचलला," एकानं लिहिलं. ग्रुपचा ॲडमिन रोशन चंद्रपूरचा; त्यानं निकाल दिला, "मूलमध्ये असं बनत नाई. समोर आण, मंग मानू." म्हणून रिनानं चंद्रपूरच्या संमेलनातल्या स्पर्धेत नाव नोंदवलं. स्पर्धक क्रमांक एक्केचाळीस, अकरा वाजता मंचावर. गाडी आठ दहाची.

मोहाची झाडं अर्ध्या तासावर होती. तिला आधी आई दिसलीच नाही. पळसाच्या झुडपामागून तिचा योद्धा वर आला, तिच्याकडं रोखून पाहिलं आणि पुन्हा खाली गेला. आठ महिन्यांत तिनं तो इतक्या लांबून कधी पाहिला नव्हता. चांगला जमला होता.

"आई, ते दे. मले आठ दहाची गाडी हाय."

"कुठची?"

"चंद्रपूरची. सांगतलं होतं ना. स्पर्धा."

"कायची?"

"तोंडाची."

रिनाची आई ठमाबाई सरळ झाली. "आज एक चितळ नाई आलं वं इकडं," पलीकडच्या झाडाखालून गिरजाबाई म्हणाली. तिच्या डोक्यामागं वनखात्याचा मिशीवाला चेहरा होता. "एरवी अर्धा मोह तेच खाते. कोण हाय म्हणाव हा?"

"लढाई करते तो," रिना म्हणाली.

"लगन झालं का त्याचं?" ठमाबाईनं विचारलं.

"पुढचं सांगत नसते, आई."

"बरं." ठमाबाईनं नाडी सोडून मुखवटा पोरीच्या हातात दिला. डोक्यावरून पदर घेतला आणि पुन्हा वाकली. वाकल्यावर पदर घसरला. मागं लाल रिबिनीत गुंडाळलेला बारकासा अंबाडा होता.

गेल्या हंगामात गावातल्या नथ्थूची बायको याच पट्ट्यात वाघानं नेली. तिच्याही मागं केसच होते.

रिना वीसेक पावलं चालली. मग परत आली.

"आई, सरळ उभी राह्य."

"काऊन?"

"नाडी बांधतो."

"आन गाडी?"

"दुसरी हाय."

दुसरी अडीचला होती. स्पर्धा दीडला संपत होती. ठमाबाई नाडी बांधून घेऊन पुन्हा वाकली. तिचं टोपलं अजून अर्धंच भरलं होतं.

तिथल्या वारुळावर उभं राहिलं की मोबाईलला रेंज येते. रिनानं वारुळावरून वाकलेल्या आईचा, म्हणजे योद्ध्याचा, फोटो काढून ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत रोशनचं उत्तर आलं. "मुखवटा खरा वाटते. जंगल खोटं हाय." चौदा जणांनी त्याला अंगठा दिला. पंधराव्यानं लिहिलं, मूळ कथेत त्याला पदर नाई.

रिना वारुळाशेजारी बसली. चार वर्षं ती लोकांचे अर्ज लिहीत होती, स्वतःचा एकही लिहिला नव्हता. तिनं मोबाईलवर सुरुवात केली, या खेपेला पहिल्या ओळीपासून.

"प्रति, मा. अध्यक्ष, वेशभूषा स्पर्धा समिती, चंद्रपूर. विषय : स्पर्धक क्र. ४१ ची स्थळपाहणी होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर स्पर्धक आज पहाटेपासून श्रीमती ठमाबाई यांच्या डोक्याच्या मागील बाजूस कामावर असल्याने मंचावर हजर राहू शकत नाही. तरी मा. परीक्षकांनी मोहाचा हंगाम संपेपर्यंत कोणत्याही दिवशी सकाळी सहा ते नऊ या वेळेत प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करावी व नियमानुसार गुण द्यावेत. येताना कृपया मागून येऊ नये."