तुळशीजवळची तार

मार्तंडराव रोज सकाळी ओला पंचा परसातल्या तारेवर टाकीत आणि तार चिमटीत धरून हळूच विचारीत, "उठलीस का?" तारेतून बारीक झिणझिणी निघे, बोटांतून मनगटापर्यंत येई. मगच त्यांना चहा गोड लागे.

विजयाबाईंना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. श्रावणात याच तारेवर धुणं वाळत घालताना त्या कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मार्तंडराव म्हणजे कोर्टात कारकुनी केलेला माणूस. सही-शिक्क्याचा कागद हाती पडला की त्यांची शंका मिटायची. पण तेराव्यानंतर त्यांनी त्या तारेला हात लावला आणि ती झिणझिणी आली. बाई घर सोडून गेलेली नाही, एवढंच त्यांना उमगलं. कुणाला सांगितलं नाही. लोक हसायला टपलेलेच असतात. पावसाळ्यात ती अधिक जवळ येई, हात थेट कोपरापर्यंत शहारे, आणि म्हातारा दिवसभर खुशीत असे.

एकच गोष्ट त्यांना टोचायची. परसात तुळस, म्हणून विजयाबाई तिथं नेहमी अनवाणी जात. टाचांना भेगा म्हणून मार्तंडराव रबरी चप्पल घालून जात, तर त्या म्हणायच्या, "या माणसाला देवाचीसुद्धा लाज नाही." चप्पल त्यांनी अजून सोडली नव्हती.

यंदा मुलगी मनवा सुप्याच्या कारखान्यात लागली आणि लेकाला घेऊन नगरला बापाकडे राहायला आली. अर्णव नुकता चालू लागलेला, दिसेल ते धरायचा. मनवानं घरातली वायरिंग पाहून कपाळाला हात लावला. लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या वायरी, अर्थिंगचा पत्ता नाही, फ्यूजमध्ये सापडेल ती तांब्याची तार.

"इतकी वर्षं काही झालं का? पायात चप्पल असली की झालं," मार्तंडराव म्हणाले. त्यांच्या पिढीची सगळी सुरक्षितता त्या चपलेतच होती. "घरातलं हवं ते बदल. परसात मात्र हात लावायचा नाही."

"बाबा, अर्णव तिथंच खेळतो."

मार्तंडरावांनी परसाच्या दाराची कडी काढून दिली.

अँड्र्यू वायरमननं नवा बोर्ड बसवला. चालू केला की त्यातला एक स्विच खटकन खाली पडे.

"कुठंतरी करंट गळतोय, काका."

"जुना फ्यूज कधी कुरकुरला नाही."

"त्याला वायरीची काळजी. माणूस चिकटला तरी तो गप ऱ्हायचा. ह्याला माणसाची काळजी हाय."

शोधत शोधत तो परसात गेला. मार्तंडराव चपला फरफटवत मागं. न्हाणीघराच्या पत्र्याखालून गेलेली वायर लोखंडी अँगलवर घासून सोलली होती. त्याच अँगलला वाळत घालायची तार बांधलेली. अँड्र्यूनं जुनं कनेक्शन घटकाभर जोडून तारेला टेस्टर लावला. टेस्टर लालबुंद पेटला.

"लई जुनं दुखणं हाय. पायात चप्पल म्हणून तुमाला नुसत्या मुंग्या आल्या असत्याल. पावसात कुणी अनवाणी, ओलं धुणं घेऊन हात लावला असता तर..." त्यानं वर पाहिलं आणि थांबला. "खुर्ची आणू का, काका?"

मार्तंडरावांनी मान हलवली. काम कर, म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पंचा टाकला, तार धरली. काही नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तुळशीपाशी चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभं राहून तार मुठीत आवळली. तार नुसती गार होती. आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पंचवीस वर्षं रोज आपण ज्याची विचारपूस केली ते कोण होतं, हे त्यांना आत्ता कळलं. पावसाळ्यात जवळ यायचं ते कोण, तेही.

मनवा अर्णवला कडेवर घेऊन आली. "बाबा, अनवाणी कशाला उभे राहिलात?"

अर्णव तारेकडे झेपावत होता. मार्तंडरावांनी त्याचा हात मध्येच धरला. आता भीती नव्हती, तरी धरला.

"मनवा," ते म्हणाले, "तुझ्या आईला हार्टचं काही नव्हतं."