गोरक्षचा ॲम्प्लिफायर

गोरक्षनं डावा हात पँटच्या खिशात खुपसला आणि उजव्या हातानं बटण दाबलं.

खबरदारी म्हणून वायरीत मध्ये जोडलेला शंभर वॅटचा बल्ब क्षणभर भगभगीत पेटला आणि लगेच मंदावला. त्यात नुसता तांबूस धागा उरला. म्हणजे आत कुठं वायरीला वायर भिडली नव्हती. टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे तीन काचेचे व्हॉल्व्ह उभे होते. त्यांच्या पोटात हळूहळू नारिंगी उजेड जमायला लागला.

"हात खिशातच ऱ्हाऊ द्या," दाराजवळच्या खुर्चीतून सुवर्णा म्हणाली.

तिच्या मांडीवर कोरडा बांबू आडवा होता. नवरा करंटला चिकटलाच, तर त्याला ढकलायला. बटण बंद केल्यावरही या डब्यात वीज दबा धरून बसते, दोन्ही हात लागले तर झटका थेट काळजातून जातो, असं गोरक्ष एकदा बोलून गेला होता. तेव्हापासून तो कामाला बसला की सुवर्णा बांबू घेऊन शेडमध्ये हजर. ती एरवी या उद्योगाला चांगलंही म्हणाली नव्हती, वाईटही नाही.

मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा. पहाटेची तोडणी बाजारात रवाना झाली की दुपार मोकळी. पंचेचाळिशी उलटल्यावर गोरक्ष गंगापूर रोडच्या क्लासात पोराटोरांच्या रांगेत बसून गिटार शिकू लागला. तिथं सरांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून त्यानं एकच सूर ऐकला, उन्हात ठेवलेल्या मधासारखा, आणि तो सूर त्याच्या कानातून जाईना. असला ॲम्प आपण स्वतः बनवायचा, असं त्यानं ठरवलं. तोवर त्यानं घरातली इस्त्रीसुद्धा कधी उघडली नव्हती. बोटं भाजली, वितळलेल्या कथलाचे गोळे पायावर पडले, जोडलेलं सुटलं, सुटलेलं पुन्हा जोडलं. आणि आज त्यात जीव आला होता.

त्यानं स्पीकरची वायर खोचली. गिटारला अजून हातही लावला नव्हता, तोच स्पीकरमधून आवाज आला.

घूंऽऽऽ.

जाडसर, एकसारखा. गोरक्षचा चेहरा उतरला. त्यानं आवाजाचं बटण पार शून्यावर नेलं, तरी घुमणं तसंच. सरांनी बजावलं होतं, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या वायरी एकमेकींना घट्ट पिळा, नाहीतर घरातली वीजच ऐकू येईल. तो बंद करायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या."

"अगं, दोष हाय हा. वायरी नीट पिळल्या नाय मी. आत्ता काढतो."

"ऱ्हाऊ द्या म्हणते ना."

सुवर्णानं बांबू भिंतीला टेकवला. खुर्ची सरकवत ती स्पीकरच्या अगदी जवळ आली.

"आमच्या हिरीवरची मोटार अशीच बोलायची."

"चांदवडला?"

"हां. कांद्याला पाणी सोडलं की बाबा मला मोटारीच्या खोलीत बसवून जायचे. लाइट गेली तर हाक मार म्हणायचे. भिंतीला पाठ टेकली की मला झोपच लागायची."

"मग हाक कोण मारायचं?"

"मीच. आवाज थांबला की आपसूक जाग यायची." ती किंचित हसली. "बाबांना वाटायचं, पोरगी लय जागसूद."

गोरक्ष बटणाशी वाकलेला तसाच राहिला. हायवेकडची ती जमीन गेल्या वर्षी तिच्या भावांनी विकली. नव्या मालकानं विहीर बुजवली. सुवर्णा सही करून आली होती, पदर खोचून तिनं भाकऱ्या थापल्या होत्या. काय झालं, असं त्यानं विचारलं होतं. काय नाय, म्हणाली होती. त्यानंतरच कधीतरी तिची झोप उडाली. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. वयाचं असेल, असं सगळेच म्हणाले. त्यानंही मान डोलावली होती.

"हीर किती खोल होती गं?" त्यानं विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. सुवर्णाची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. तोंड जरासं उघडं होतं. कपाळावरची नेहमीची आठी कुठंच दिसत नव्हती.

गोरक्षनं बटणावरचा हात अलगद काढून घेतला.

तो गिटार मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. पहिला सूर कोणता छेडायचा, हे त्यानं कधीचं ठरवून ठेवलं होतं. बोटाचा ओझरता स्पर्श झाला तशी एक तार शहारली. त्यानं चटकन तळवा टेकवून ती निजवली. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन व्हॉल्व्हच्या काचेवर चढलं. आतला उजेड आणि बाहेरचा उजेड वेगळे ओळखू येईनात. आवाज पाण्यासारखा शेडभर पसरत होता, आणि गोरक्षला वाटलं, बाहेर गुलाबांच्या सरींतून कुणीतरी पाणी सोडलं आहे.

"भाऊ, टेम्पो आला—" मळ्यातला गडी मंगळू दारात उभा होता.

गोरक्षनं ओठांवर बोट ठेवलं. मंगळूनं खुर्चीतल्या वहिनींकडे पाहिलं, मग त्या तीन दिव्यांकडे. त्यानं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी परत गेला. मागोमाग टेम्पोचं इंजिन बंद झालं.

थोड्या वेळानं खिशातला फोन थरथरला. क्लासचे सर होते.

"काय गोरक्षराव, झाला का तयार? कसा वाजतो?"

"अजून वाजवला नाय सर," गोरक्ष कुजबुजला. "पण चालू हाय."

"घुमतोय का? मग त्या वायरी—"

"घुमतोय," गोरक्ष म्हणाला. "घुमू द्या."