किडा बारामतीला नेला

सांगते सगळं, पण मधी कुणी हसायचं न्हाय. मला राग लौकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मी अनसूया. भवानीनगरात आमचं घर. मालक, म्हंजे जोतीराम, ऊस लावत्यात. पोरगा ऋषिराज बारामती एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत हाय, रोज मोटरसायकलनं जातो-येतो. सून सोनम बारामतीचीच. तितंच माहेरी, दसऱ्याच्या तोंडावर तिला पोरगी झाली. आमच्या घरात तीन पिढ्या पोरगी न्हाय. फोन आला तशी मी आळीभर पेढं वाटलं. शेजारची द्वारकाबाई म्हणाली, "अगं, पोरीला बर्फी वाटत्यात, पेढं पोराला." म्हणलं, "तुमच्यात वाटत असतील. आमच्यात पोरीला पेढं." मग दोन पेढं जास्त घेऊन गप बसली.

हे सोनमला फोन करून सांगावं, एवढं मातूर मला सुचलं न्हाय. आपलं कौतुक आपण काय सांगायचं! बारशाला गेले ती पण कंबर धरून. अशी कळ येत व्हती की तोंड वाकडं करून खुर्चीत बसले, पाळण्याला कसाबसा हात लावला आन् माघारी आले.

सव्वा महिना झाला की सोनमला न् नातीला घरी आणायचं ठरलं व्हतं. आन् नेमकं तवाच ऋषीच्या खोलीत किडं निघालं.

तिळाएवढं, गोल, पाठीवर पांढरं-तपकिरी ठिपकं. खिडकीच्या काचंवर चार, भिंतीवर दोन. पलंगाच्या कडंला एक केसाळ अळी. आन् ऋषीच्या पाठीवर ह्या अशा गांधी उठलेल्या, पोरगं दाराच्या चौकटीला पाठ घासतंय म्हशीवानी.

मी लगीच गुन्हेगार धरला. सोनमच्या लग्नात आलेली गादी! बारामतीच्या दुकानातली, वरनं गुळगुळीत, आत काय भरलंय कुणाला ठाव? मालकांना गादी अंगणात काढायला लावली आन् काठीनं बडवून बडवून घेतली. निघाला काय, तर ऋषीचा हरवलेला एक मोजा. तरी मी म्हणलंच, "ह्यातनंच आल्यात. माझ्या घरात असलं कधी नव्हतं."

आता विहीणबाईंना काय सांगायचं? आसावरीबाई म्हंजे रिटायर शाळामास्तरीण. पाणी द्यायच्या आधी पेला पुसणार, आपण पिऊन ठेवला की परत पुसणार. त्यांच्या घरात मुंगीसुदीक चपला भाईर काढून येत आसंल. त्या बाईला मी सांगू, की माझ्या घरात किडं झाल्यात? मेले तरी सांगणार न्हाय.

फोन केला आन् म्हणलं, "घराला रंग काढलाय. वास बाळाला बाधंल. आठ दिस थांबा."

"बरं," म्हणल्या. "कुठला रंग?"

"क्रीम," म्हणलं, तोंडाला आलं ते. ऋषीला दम दिला, "किड्यांचा क काढलास सासरी, तर मोटरसायकलची चावी हिरीत टाकीन."

मग सुरू झाली शोधाशोध. मालक म्हणलं, ढेकूण. द्वारकाबाई म्हणाली, पिसवा, मांजरानं आणल्यात. मांजर आमच्याकडं न्हायच, तिच्याकडं हाय. भगिनी मंडळाच्या ग्रुपवर इचारलं तर पंधरा जणींनी सतरा उपाय दिलं. कापूर ठेवा, लवंग ठेवा, कांद्याची चकती ठेवा. एकीनं व्हिडिओ टाकला, मागं भुतासारखं म्युझिक, आन् बाई सांगतीया की ह्यो किडा झोपेत कानात शिरतो आन् मेंदू पोखरतो. चार दिस मी कानात कापूस घालून हिंडले. मालक काय बोललं ते ऐकू येईना, तेवढी एक बरी गोष्ट झाली.

औषध मारणाऱ्या एका माणसाला फोन केला. तो म्हणला, "वाळवी हाय ताई. सगळं घर मारावं लागंल."

"अवो, बघायला तर या."

"बघायची गरज न्हाय. आमाला अनुभव हाय."

ठेवला फोन. न बघता रोग सांगणारा वैद्य मला नको. कडुनिंबाचा पाला मात्र जाळला. धूर एवढा झाला की शेजारची माणसं बादल्या घेऊन पळत आली. किडं आपलं काचंवर बसून तमाशा बघत व्हतं.

आठ दिस झालं. परत फोन. "दुसरा हात मारायचाय रंगाचा." त्याच्या पुढच्या आठवड्याला तिसऱ्यांदा फोन. "दारंखिडक्या राहिल्यात." आसावरीबाई ह्या टायमाला नुसतं "बरं" म्हणल्या आन् ठेवला. रंग कुठला ते इचारलं न्हाय. मी म्हणलं, बाई कामात आसंल.

एक दिवस दुपारी बघते, तर मालक ऋषीच्या खोलीच्या उंबऱ्यात. तोंडाला उपरणं बांधलेलं, हातात पावडरीची पिशवी. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीला टाकत्यात ती पावडर! शेतातल्या शेडातनं आणली व्हती.

"काय करताय?"

"कोपऱ्यात जराशी टाकतो. उसाच्या मुळात ढीगभर हुमणी मारली हिनं, हे तिळाएवढं काय टिकतंय?"

मी जी वरडले, ती पार साखर कारखान्याच्या गेटावर ऐकू गेली आसंल. "पिशवीवर लाल त्रिकोण हाय, त्याच्या वर कवटी हाय, ती काय शोभंला काढलीय का? दोन महिन्याचं लेकरू ह्या खोलीत झोपणार! उद्या रांगणार, हात तोंडात घालणार! उसाला आन् नातीला एकच औषध व्हय?"

मालकाचं तोंडच उतरलं. तसा माणूस वाईट न्हाय हो. नात यावी म्हणून त्याचाबी जीव तुटत व्हता. पिशवी जशीच्या तशी शेडात ठेवून आलं, हातपाय साबणानं धुतलं आन् वट्ट्यावर बसलं. हळूच म्हणलं, "हुमणी पडली तवा मी काय केलं व्हतं? डबीत घालून बारामतीला शेती कॉलेजात नेली व्हती. त्या किड्यांच्या म्याडमनी बघून सांगितलं."

उसाची अळी डबीत घालून तालुक्याला नेणारा माणूस घरातला किडा एकदाबी धरून कुणाला दाखवत न्हाय! आन् मीबी तसलीच. ढेकूण, पिसवा, वाळवी, सगळी नावं ठेवून झाली, पण त्या किड्याचं तोंड कुणी बघितलं व्हतं?

हळदी-कुंकवाची रिकामी डबी घेतली. दोन किडं आन् एक अळी धरली, झाकणाला सुईनं भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी यष्टीनं बारामती. शेजारच्या सीटवरच्या बाईनं इचारलं, डबीत काय? म्हणलं, "पाव्हणं." ती सरकून बसली.

शेती कॉलेजातल्या संजीवनी म्याडम म्हंजे पोरगेलीशी बाई, माझ्या सुनंच्या वयाची. पण एक न्हाय दोन न्हाय, आधी डबी उघडली, भिंगाखाली किडा धरला आन् चांगला घटकाभर बघितला. मग मलाबी बघू दिला. आई शपथ, भिंगातनं बघितलं तर काय नक्षी हो पाठीवर! इरकली काठावानी.

"मावशी, हा लोकर खाणारा भुंगा," म्याडम म्हणल्या. "ढेकूण नाही. हा माणसाला चावत नाही, रक्त पीत नाही, कानात जात नाही."

डबी संगट म्हणून यष्टीत परत घातलेला कानातला कापूस मी काढला. "मग पोराच्या पाठीवर गांधी कशानं?"

"अळीच्या अंगावरचे केस. ते कातडीला लागले की काहींना खाज सुटते. औषध मारायची घाई करू नका. मूळ शोधा. खोलीत लोकरीचं जुनं काही आहे का? घोंगडी, स्वेटर, पिसं? जे खाल्लंय ते टाकून द्या. बाकीचं कडक पाण्यात धुऊन उन्हात घाला. फटी, कोपरे, पलंगाखालचा केर रोज काढा. तरी राहिले, तर परत डबी घेऊन या, मग पुढचं बघू."

"गादीत असतंय का हे? स्पंजची हाय म्हणत्यात."

"स्पंजच्या गादीत त्यांना खायला काय मिळणार?"

खोलीत लोकरीचं काय हाय, ते मला तितंच बसल्या जागी कळलं व्हतं.

ऋषीच्या पलंगाखाली माझी पत्र्याची पेटी. माझा भाऊ मिल्ट्रीत व्हता, त्यानं काश्मीरकडनं खरी लोकर आणली व्हती. ऋषी पोटात व्हता तवा मी त्या लोकरीचं विणलं व्हतं, टोपडं, स्वेटर, पायमोजं. ऋषी मोठा झाला तरी कुणाला दिलं न्हाय. जावंनं मागितलं तरी न्हाय. म्हणलं, नातवंडाला घालीन.

घरी येऊन पेटी वढली, झाकण उघडलं. टोपडं हातात घेतलं तर चाळणी. स्वेटरची बाही उचलली तर बाही हातात आली, बाकीचा स्वेटर खालीच. बुडाशी अळ्या वळवळत व्हत्या, पोटभर खाऊन. मी खाली बसले आन् रडले. लोकरीसाठी रडले, आन् त्या गादीसाठीबी. सुनंच्या गादीला दोन आठवडं शिव्या घातल्या, आन् पीक माझ्या पेटीत व्हतं.

मालकांनी पेटी उचलून परसात नेली. सगळं जाळलं. पेटी कडक पाण्यानं धुतली, उन्हात उपडी घातली. आमी दोघांनी पलंग हलवला, फटीतनं जुन्या फणीनं केर काढला, चादरी उकळल्या. मालक पलंगाखाली आडवं पडून झाडत व्हतं. चार दिवसांत काचंवर एकबी किडा दिसंना.

पाचव्या दिवशी ऋषी कामावरनं, रोजच्यावानी सासरी डोकावून आला तो तोंड पाडून. "आई, सोनम आज भाईरच आली न्हाय. पोरीलाबी दाखवलं न्हाय."

मी फोनला हात घालणार, तोवर त्यांचाच फोन वाजला. आसावरीबाई. आवाज असा, शाळेत पोराला भाईर उभं करताना असतोय तसा.

"अनसूयाबाई, स्पष्टच विचारते. मुलगी झाली म्हणून नको असेल, तर तसं सांगा. रंगाची कारणं नकोत. तुम्ही क्रीम म्हणता, जावईबापू पिस्ता म्हणतात. रोज भेटायला येतात, बुटावर रंगाचा एक थेंब नाही. बारशाला तुम्ही तोंड फिरवून बसलात, तेव्हाच माझ्या लेकीच्या लक्षात आलं होतं. रोज रडते ती."

मी, जी तीन पिढ्यांनी पोरगी आली म्हणून नाचले, तिच्याबद्दल हे? राग आला, असा आला, की लाज कुठं गेली कळलंच न्हाय.

"अवो बाई!" मी वरडले. "रंगबिंग काय न्हाय! खोटं बोलले मी! किडं झालं व्हतं माझ्या घरात, किडं! पलंगाखाली, भिंतीवर, खिडकीत! माझ्याच पेटीत जलमलं व्हतं! तुमच्या पुढं सांगायची लाज वाटली म्हणून तीनदा थापा मारल्या! आन् बारशाला माझी कंबर धरली व्हती! पोरगी नको म्हणणाऱ्याच्या तोंडात किडं पडू देत!"

"किडे?" आसावरीबाई म्हणल्या.

"किडं."

"फक्त किडे?"

"फक्त काय म्हणताय? पलंगभर व्हतं!"

आन् मग ती बाई, जी पेला दोनदा पुसती, ती आतल्या खोलीकडं तोंड करून अशी हरखून वरडली, की मला फोन कानापासनं लांब धरावा लागला. "सोनम! अगं सोनम, उठ! किडे आहेत गं त्यांच्या घरात! नुसते किडे! रडतेस काय, बॅग भर!"

सोनमनं फोन घेतला. आधी नुसतं नाक वढल्याचा आवाज. मग म्हणाली, "आई, उद्या येऊ?"

"उद्या कशाला? आत्ता ये. ऋषी भाड्याची गाडी घेऊन निघालाच बघ."

फोन ठेवला आन् पदर तोंडाला लावून मी हुंदकं देऊन रडायला लागले. मालक परसातनं पळत आलं, हातात झाडणी तशीच. "आता काय निघालं?"

म्हणलं, "काय न्हाय हो. नात येतीया."