एक हात बॉनेटवर

वाफ आली ती एकदम, बॉनेटच्या फटीतून, पेजेच्या टोपावरचं झाकण उडावं तशी, नि पुढचा रस्ताच दिसेनासा झाला. ह्यांनी गाडी कडेला घेतली. माझ्या मांडीवर दीड वर्षाची सुमी तापानं फणफणलेली, घरी तिला एकदा आकडी येऊन गेलेली, तिचे डोळे पांढरे झालेले मी बघितलेले, नि रत्नागिरीचा मोठा दवाखाना अजून दहा-बारा मैल. वैशाखातली दुपार. वर नुसता कातळ, खाली भरतीनं तुडुंब खाडी, मधे आम्ही. मी सुमीला घट्ट धरलं.

माझ्या शेजारची आते तेवढी शांतपणे उतरली.

आते म्हणजे ह्यांची आते. हर्णेला दिलेली. तिचा घोव लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा नि बावीस वर्षं ती त्याच्या बाजूला बसून पाने-पकडी देत होती. तो गेला तशी ती माहेरी आली, मालगुंडला, आमच्याकडे. येताना एक ट्रंक आणली नि एक वास आणला, सुक्या बोंबलाचा नि काळ्या ग्रीसचा. मला आधी शिसारी यायची, खरं सांगते. चालायची पण होडीतल्यासारखी, पाय फाकवून, जसं काय आमचं अंगणसुद्धा लाटेवर हलतंय. बोलणं कमी. कान मात्र सगळीकडे, रहाटाचा आवाज जरा बदलला की मान वर. मी सातवी नापास, येतं तसं लिहितेय, पण आतेचं चित्र काढायचं तर मला आधी तोंड दिसत नाही. हात दिसतात. काळे, रुंद, नखांत कधीच न गेलेलं तेल.

गाडी ह्यांच्या शेठची. शेठ मुंबईला, हे त्यांचे ड्रायव्हर, नि गाडी न विचारता काढलेली. ह्यांनी बॉनेट उघडलं नि आतेला अडवलं.

"आते, तू हात लावू नको हां. होडी नाय ही."

"मग काय हाय? इमान?"

ती वाकली. फुसफुस कुठून येते ते डोळे मिटून ऐकलं. इंजिनापासून दोन रबरी नळ्या आत गाडीत गेलेल्या, त्यातली एक पिकल्या चिबडासारखी उललेली.

"ह्या दोन कुठं जातात रे?"

"हिटरला. गाडी थंड मुलखातनं आणलेली. आत बसणाऱ्याला ऊब लागते."

आतेनं एकदा तापलेल्या कातळाकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे.

"ऊब," म्हणाली. "बरं. इंजिनातनं पाणी निघतं, तिथं जाऊन बसतं, मग परत येतं. मधला पाव्हणचार काढून टाक. फुटकी फेक. चांगली काप नि तिची दोन टोकं इंजिनाच्या दोन तोंडांना लाव. नळी जेवढी कमी, तेवढी फुटायची जागा कमी."

ह्यांनी पाना घेतला, पण नळी कापायचा धीर होईना. आतेनं पिशवीतनं मासे कापायची सुरी काढली नि शेठची नळी वांगं कापावं तशी कापली. मग दोघांनी मिळून पट्ट्या आवळल्या. काळ्या रबराची एवढीशी कमान झाली.

मी म्हटलं, आता पाणी घाला, चला, चला ना.

"थांब गो बाय. तापल्या पोटात गार ओतलंस तर तडकेल."

तेव्हाचं तिचं उभं राहणं माझ्या डोळ्यांतून जात नाही. सुमीला घेऊन मी तिच्या अंगाला टेकलेली. तिनं पदर ओला करून, तिच्याच प्यायच्या बाटलीतल्या शेवटच्या पाण्यानं, पोरीच्या कपाळावर घातला. त्यावर डावा हात ठेवला. उजवा बॉनेटवर. दोन्ही ताप एकाच वेळी बघत होती, नि वारा पडलेला, नि लांब कुठेतरी कवडा घुमत होता, घुमतच होता. कितीतरी वेळानं म्हणाली, "हिचा उतरला. हिचा नाय."

उतरला तो गाडीचा.

पाण्याचा डबा घाईत रिकामाच आलेला. विहीर वरच्या सड्याच्या, त्या कातळाच्या पलीकडे, नि वैशाखात तिच्यात दगड तेवढे. खाली खाडी.

"खारं नको आते," हे म्हणाले. "आतनं खाऊन टाकेल. शेठ मला दारात उभा करणार नाय."

"लाँच खाऱ्यावरच चालते."

"लाँचीत येतं नि बाहेर पडतं. हिच्यात तेच तेच फिरत राहतं."

हे बरोबर बोलत होते. मला कळत होतं ते. आतेलाही कळलं. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी जन्माची भित्री, सासूबाईंसमोर ताट वाजलं तरी दचकणारी. सुमीला आतेच्या हातात दिली, डबा उचलला नि उतरणीवरून चिखलात गेले. गुडघ्यापर्यंत. भरलेला डबा घेऊन वर आले तर हे आडवे उभे.

"सरका," म्हटलं. ह्यांना मी असं आयुष्यात बोलले नव्हते.

दोन डबे घातले. इंजिनानं गटागटा पिऊन टाकलं.

पोर वाचली. चार दिवस दवाखान्यात होतो, तोवर इंजिन आतनं गोड्या पाण्यानं धुवायची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. दिवाळीच्या आत इंजिन गेलं, नि ह्यांची नोकरी पण. हे वर्षभर आतेशी बोलले नाहीत. ती पानात भात वाढायची नि भिंतीला विचारायची, "नळी गळली काय?" नळी गळली नव्हती. एक थेंबसुद्धा नाही.

आते मागच्या मार्गशीर्षात गेली. गाडी शेठच्या परसात तशीच आहे, वेल चढलेला. परवा सुमीला घेऊन गेले. झाकण उघडलं. सगळं तांबेरलेलं, तोंडांशी पांढरं मीठ फुललेलं, नि त्यात ती काळी कमान मात्र जशीच्या तशी. उन्हानं बॉनेट तापलेलं. मी तळवा ठेवला, दुसरा सुमीच्या डोक्यावर आपोआप गेला. माणूस जातं, त्याची हात ठेवायची रीत मात्र दुसऱ्याच्या हातात राहून जाते, आपल्याला कधी आली तेसुद्धा कळत नाही.

हे अजून म्हणतात, तू घाई केलीस, कुणीतरी आलं असतं त्या रस्त्यानं. आलं असतं, कदाचित. तुम्ही शहाणी माणसं, शिकलेली. एका हाताखाली दुसऱ्याची गाडी, एका हाताखाली आपली पोर, नि पाणी म्हणावं तर ते खाली, खारं. तुम्ही थांबला असता काय? सांगा, तुम्ही काय केलं असतं?